शके १५४९ की १५५१? शिवजन्मतिथीच्या पुराव्याचे एक प्रकरण

छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरी किल्ल्यावर झाला याबद्दल इतिहासकारांत मतभेद नाही. तो कोणत्या दिवशी झाला याबद्दल मात्र विसाव्या शतकाचा बराच काळ वाद चालला. एका बाजूला शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७, आणि दुसऱ्या बाजूला शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशा दोन तिथी समोरासमोर होत्या. त्यांच्यातील अंतर जवळजवळ तीन वर्षांचे आहे. पहिली तिथी मानली तर अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराज बत्तीस वर्षांचे होते, दुसरी मानली तर एकोणतीस वर्षांचे; मृत्यूसमयीचे वय एका हिशोबाने त्रेपन्नाच्या उंबरठ्यावर येते आणि दुसऱ्या हिशोबाने नुकतेच पन्नास उलटलेले ठरते.

हा वाद कसा उभा राहिला, कोणती कागदपत्रे कोठून बाहेर आली आणि ती कशी तोलली गेली, एवढाच या लेखाचा विषय आहे. उत्सवाच्या राजकारणात तो शिरत नाही. मूळ कागद हाती आला की इतिहास लिहून झाला, अशी एक भाबडी समजूत आढळते. कागद हाती आल्यावर खरे काम सुरू होते, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते.

सरकारी दफ्तरांची मर्यादा

एखाद्या राज्यकर्त्याची जन्मतिथी शोधायची तर आधी शासकीय अभिलेखागाराकडे वळावे, असे कोणालाही वाटेल. या प्रकरणात त्या वाटेने फारसे काही हाती लागले नाही, आणि ते का लागले नाही हे समजून घेण्यासारखे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची स्थापना १८९१ साली कलकत्त्यात झाली. त्याचा मूळ हेतू ईस्ट इंडिया कंपनी आणि तिच्यानंतरच्या ब्रिटिश सरकारचे कागद एकत्र ठेवणे हा होता, आणि त्या शासकीय कागदांची मालिका १७४८ पासून सुरू होते. पुण्याचे पेशवे दफ्तर मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने कितीतरी अधिक समृद्ध आहे. पण १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८५० नंतरच्या दशकात इनाम कमिशनने त्याची लावणी केली, ती कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवून महसूल वाढवण्यासाठी. मोडीतील हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यात आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर त्यातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले; त्यांतला बहुतांश मजकूर अठराव्या शतकाचा आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे जावे तसे हे भांडार विरळ होत जाते. शहाजीराजे ज्या निजामशाहीत वाढले ती १६३६ मध्ये संपली आणि तिचे मध्यवर्ती दफ्तर एकत्र स्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचले नाही. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला. तेथील दफ्तरही टिकले नाही. इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात शिवाजी महाराजांचा उल्लेख ठळकपणे येऊ लागतो तो १६५९ च्या सुमारास, म्हणजे त्यांच्या हालचालींनी वखारवाल्यांच्या व्यापाराला झळ पोहोचू लागल्यावर. राज्य आपल्या गरजेपुरते कागद राखते. १६३० साली एका सरदाराच्या घरी दुसरा मुलगा झाला, ही नोंद ठेवण्याची गरज कोणत्याही दरबाराला नव्हती. ती गरज असलीच तर आप्तांना, पदरच्या लोकांना आणि ज्योतिषांना होती, आणि शेवटी पुरावा सापडला तो अशाच ठिकाणी.

बखरींची तिथी

शके १५४९ ही तिथी बखरींतून आली आहे. तिचा सर्वांत वजनदार आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांनी साताऱ्यात १८१० च्या सुमारास लिहिलेली बखर. चिटणीस हे शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्यातले असल्याने त्यांच्याकडे जुने घरचे कागद असणे शक्य होते, आणि म्हणून त्यांच्या विधानाला अनेक वर्षे मान मिळाला. सार्वजनिक शिवजयंती उत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला तेव्हा तो याच तिथीला धरून झाला.

पण या परंपरेची तपासणी सुरू झाली तेव्हा तीन अडचणी पुढे आल्या. पहिली अशी की चिटणीसांची बखर जन्मानंतर सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी लिहिलेली आहे. दुसरी अडचण बखरींच्या आपसातल्या विसंगतीची: महिना आणि शक जुळले तरी तिथी एका बखरीत द्वितीया तर दुसरीत पंचमी अशी बदलते. तिसरी अडचण गणिताची आहे. त्या वर्षी वैशाख शुद्ध द्वितीया शनिवारच्या आसपास येते. परंपरेत तिच्याशी जोडला गेलेला गुरुवार गणिताने येऊच शकत नाही, कारण तो दिवस अमावास्येचा होता. वार चुकला म्हणजे सगळी नोंद खोटी, असे म्हणता येत नाही, कारण नकलनविसांच्या हातून वार चुकतात. मात्र नोंद समकालीन पंचांगावरून किंवा जन्मटिपणावरून उतरवलेली असती, तर हा घोटाळा होण्याची शक्यता कमी होती.

याहून बोलकी गोष्ट म्हणजे सर्वांत जुन्या बखरीचे मौन. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिलेल्या बखरीत जन्मतिथी दिलेलीच नाही. पुढच्या बखरकारांनी ती जागा भरली. प्रभव हे साठ संवत्सरांच्या चक्रातले पहिले संवत्सर आहे. नव्या युगाचा आरंभ करणाऱ्या पुरुषाचा जन्म चक्राच्या पहिल्याच वर्षात झाला, ही कल्पना बखरकाराला रुचली असावी, असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे. त्याला कागदाचा आधार नाही.

जेधे शकावली

लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या माध्यमातून एक शकावली प्रसिद्ध केली. भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातून ती मिळाली होती. शिवजयंतीच्या सार्वजनिक उत्सवाला ज्यांनी बळ दिले, त्यांनीच त्या उत्सवाची तिथी डळमळीत करणारा कागद छापला, ही गोष्ट त्यांच्या संशोधकवृत्तीबद्दल बरेच काही सांगते.

शकावली हा प्रकार बखरीहून मुळातच वेगळा आहे. बखर कथा सांगते आणि नायकाचा गौरव करते. शकावली शक, संवत्सर, महिना, तिथी आणि वार देऊन एका ओळीत घटना सांगते आणि पुढे जाते. जेधे शकावलीत शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या, म्हणजे १६१८ ते १६९७ या काळातल्या नोंदी आहेत. जेध्यांचा संबंधही दूरचा नव्हता: कान्होजी जेधे शहाजीराजांच्या विश्वासातले होते आणि पुढे अफझलखानाच्या प्रसंगी ते शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. वतनदार घराण्याला असे टिपण ठेवण्याचे व्यवहारी कारणही असे. वतनाचा तंटा उभा राहिला की आपल्या पूर्वजांनी कोणत्या साली कोणाची चाकरी केली हे सांगावे लागे.

जन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, नक्षत्र हस्त अशी असून पुढे घटी आणि पळे (घटी म्हणजे चोवीस मिनिटे, पळ तिचा साठावा भाग) दिली आहेत, आणि त्या दिवशी शिवाजीराजे शिवनेरीस उपजले असे म्हटले आहे. ही नोंद तपासण्याजोगी आहे, आणि तेच तिचे मोठेपण आहे. शके १५४९ प्रभव, १५५० विभव, १५५१ शुक्ल हा संवत्सरांचा क्रम बरोबर आहे. फाल्गुन वद्य तृतीया त्या वर्षी खरोखरच शुक्रवारी येते. त्या तिथीला सूर्य कुंभ राशीत बावीस अंशांच्या जवळ असल्याने चंद्र कन्या राशीत, हस्त नक्षत्राच्या परिसरात असायला हवा. तो तेथेच येतो. नक्षत्रापुढे लिहिलेल्या अठरा घटी एकतीस पळे आणि ‘गड’पुढच्या पाच घटी सात पळे हे आकडे काहींनी जन्मवेळेचे समजून वाचले, आणि त्यातून गोंधळ झाला. ‘गड’ म्हणजे गंड, पंचांगातल्या सत्तावीस योगांपैकी एक, आणि हे आकडे पंचांगाच्या रिवाजाप्रमाणे सूर्योदयानंतर ते नक्षत्र व तो योग किती वेळ टिकले ते सांगतात, असे धरले की हिशोब बसतो, कारण त्या सकाळी सूर्य आणि चंद्र यांच्या स्थितीवरून गंड योगच येतो.

म्हणजे नोंद करणाऱ्याच्या, किंवा तो ज्यावरून उतरवत होता त्या कागदाच्या, मुळाशी त्या दिवसाचे पंचांग होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि ती अनेकदा बाळगली जात नाही. गणित जुळले यावरून तो दिवस पंचांगाप्रमाणे खरा होता एवढेच सिद्ध होते. त्या दिवशी जन्म झाला हे त्यावरून सिद्ध होत नाही. खऱ्या तिथीवर खोटी घटना नोंदवता येते. म्हणून शकावलीच्या विश्वासार्हतेची परीक्षा तिच्या इतर नोंदींवरून घ्यावी लागते, म्हणजे ज्या घटना दुसऱ्या साधनांतूनही कळतात अशा नोंदींवरून. अफझलखानाचा वध तिने शके १५८१, विकारी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार असा दिला आहे. तो १० नोव्हेंबर १६५९ येतो, आणि राजापूरच्या इंग्रज वखारीच्या डिसेंबर १६५९ मधील पत्रव्यवहारात ही बातमी आलेली आहे. महाराजांच्या मृत्यूची शके १६०२, रौद्र संवत्सर, चैत्री पौर्णिमा, शनिवार ही तिथी ३ एप्रिल १६८० शी मिळते. अशा नोंदी एकामागून एक टिकत गेल्या, की न पडताळता येणाऱ्या नोंदीवरही विश्वास ठेवण्याला आधार मिळतो. हा विश्वास आंधळा नसतो. तो संभाव्यतेचा हिशोब असतो. शकावलीची आपल्याला ठाऊक असलेली प्रत १६९७ च्या आधीची असू शकत नाही, कारण तिची शेवटची नोंद त्या वर्षाची आहे. तेव्हा ती समकालीन रोजनिशी नसून जुन्या टिपणांवरून तयार झालेले संकलन आहे, हे विसरता कामा नये.

तंजावरचे काव्य

एकाच कागदावर एवढा मोठा निर्णय घेणे योग्य नव्हते, आणि १९१६ नंतरही अनेक अभ्यासक जुन्या तिथीला धरून राहिले. दुसरा आधार आला तो तंजावरहून. कवींद्र परमानंदाने शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचलेले ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात होते. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते मराठी भाषांतरासह १९२७ साली प्रकाशित केले. काव्य अपूर्ण आहे, पण जन्माचा प्रसंग त्यात पूर्ण आला आहे. शकाचा आकडा कवीने ‘भूबाणप्राणचंद्र’ असा शब्दांत सांगितला आहे: भू एक, बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असे शब्दांक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, पण १५५१ हा आकडा दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यामुळे येथे वाचनाचा वादच उरत नाही. पुढे शुक्ल संवत्सर, उत्तरायण, शिशिर ऋतू, फाल्गुन मास, कृष्ण पक्ष, तृतीया आणि रात्रीची वेळ दिली आहे. हे सर्व तपशील शकावलीशी जुळतात.

याच श्लोकांच्या पुढे कवी म्हणतो की त्या वेळी पाच ग्रह उच्चस्थानी, म्हणजे ज्योतिषात ते सर्वांत बलवान मानले जातात त्या राशींत, होते. हे विधान गणिताने टिकत नाही. सूर्य कुंभेत होता, त्याची उच्च रास मेष. चंद्र कन्येत होता, त्याची उच्च रास वृषभ. बुधाची उच्च रास कन्या, पण तो सूर्यापासून एका राशीहून फार दूर जात नाही, म्हणून कुंभेतल्या सूर्याबरोबर तो कन्येत असणे अशक्य. राहू-केतू सोडले तर सात ग्रहांपैकी हे तीन वगळल्यावर चारच उरतात. पाच ग्रह उच्चीचे होऊच शकत नाहीत. मग कवी तिथीबाबत खरा आणि ग्रहांबाबत खोटा कसा? याचे उत्तर ज्योतिषात नाही, साहित्यात आहे. कालिदासाने रघूच्या जन्मवर्णनात पाच उच्चस्थ ग्रह घातले आहेत, वाल्मीकीने रामजन्माच्या वेळी तेच सांगितले आहे, आणि परमानंदाची शब्दयोजना कालिदासाच्या ओळीच्या अगदी जवळची आहे. थोर राजाच्या जन्माचे वर्णन असे करावे, हा संस्कृत काव्याचा संकेत होता.

एकाच श्लोकसमूहातले एक विधान पुरावा म्हणून स्वीकारायचे आणि दुसरे अलंकार म्हणून बाजूला ठेवायचे, हे सोयीस्कर वाटू शकते, आणि विरोधकांनी तसा आक्षेप घेतला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण निवडीला कसोटी आहे. ग्रहांचे विधान आधीच्या काव्यपरंपरेत ठरलेले आहे, ते कोणत्याही नायकाला लावता येते. शक, संवत्सर, मास आणि तिथी यांचा असा कोणताही साचा नाही. शिवाय हे काव्य महाराजांच्या हयातीत, त्यांच्या दरबारात, त्यांच्यासमोर वाचले जाण्यासाठी लिहिले जात होते. ग्रहांच्या अतिशयोक्तीवर कोणी हरकत घेणार नव्हते. स्वतःच्या जन्मतिथीत तीन वर्षांची चूक मात्र यजमानाच्या लक्षात आल्यावाचून राहिली नसती.

जोधपूरची कुंडली

तिसरा पुरावा सर्वांत अनपेक्षित ठिकाणाहून आला. जोधपूरच्या मिठालाल व्यास यांच्या संग्रहात जुन्या कुंडल्यांचा एक साठा होता आणि त्यात राजा शिवाजीची कुंडलीही होती. तिच्यात संवत १६८६, फाल्गुन वदी ३, शुक्रवार, सूर्योदयापासून तीस घटी नऊ पळे अशी नोंद आहे. विक्रम संवत आणि शालिवाहन शक यांच्यात १३५ वर्षांचे अंतर असल्याने १६८६ म्हणजे १५५१ होतात. दत्तात्रेय विष्णु आपटे आणि दिवेकर यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शिवचरित्रप्रदीप’ या साधनसंग्रहात जेधे शकावलीबरोबर या कुंडलीचीही चर्चा आली.

या कुंडलीत एक खाच आहे, आणि ती उलगडताना पुरावा अधिकच भक्कम होतो. राजस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे मारवाडी रीतीने फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे आपली माघ वद्य तृतीया, एक महिना आधीची. मग कुंडलीतला फाल्गुन कोणता? त्याचे उत्तर कुंडलीतच आहे: रवी दहा राशी तेवीस अंश, म्हणजे कुंभ राशीचा तेविसावा अंश, असा दिला आहे. एक महिना आधी सूर्य मकरेत असता, आणि वारही शुक्रवार आला नसता. म्हणजे जोधपूरच्या ज्योतिषाने टिपलेली तिथी दक्षिणी रीतीची होती. ती दख्खनेतून आलेल्या माहितीवरून जशीच्या तशी उतरवली गेली असणार. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश, सिंहेच्या एकोणतिसाव्या अंशावर दाखवले आहे. सूर्य कुंभेच्या तेविसाव्या अंशावर मावळताना पूर्वेला सिंहेचा तेविसावा अंश उगवत असतो. तेव्हा लग्न एकोणतिसाव्या अंशावर असणे म्हणजे सूर्यास्तानंतर थोडा वेळ गेला होता असे ठरते. तीस घटींच्या नोंदीशी आणि शिवभारतातल्या रात्रीच्या उल्लेखाशी हे सुसंगत आहे.

जोधपूरच्या ज्योतिषाला ही माहिती कशी मिळाली, याचा सरळ कागदोपत्री दुवा नाही. पण महाराजा जसवंतसिंह मोगलांच्या बाजूने १६६३ मध्ये कोंढाण्याच्या वेढ्यावर होते आणि नंतरही दख्खनेत आले होते. शत्रूची कुंडली मिळवून त्याचे बलाबल पाहणे ही त्या काळातल्या दरबारांत अगदी स्वाभाविक गोष्ट होती.

तीन साक्षी की एकच?

वरवर पाहता मावळातील वतनदाराचे टिपण, तंजावरचे काव्य आणि मारवाडची कुंडली असे तीन स्वतंत्र साक्षीदार एकच सांगत आहेत. काटेकोर वाचकाने मात्र विचारावे की हे खरोखर स्वतंत्र आहेत का. परमानंद दरबारातला, जेधे दरबाराशी जोडलेले, आणि जोधपूरची माहिती दख्खनेतूनच आलेली. तिन्हींच्या मागे दरबारात असलेली एकच मूळ जन्मपत्रिका असू शकते. तसे असेल तर साक्षीदार तीन नसून एक उरतो.

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तरीही निर्णय बदलत नाही. तिन्ही कागदांची नकल एकमेकांवरून झालेली नाही, हे त्यांच्या तपशिलांतल्या फरकावरून दिसते: शकावलीत नक्षत्र आणि योग आहेत, काव्यात ते नाहीत, कुंडलीत लग्न आणि जन्मवेळेच्या घटी आहेत, त्या शकावलीत नाहीत. एकाच मुळातून तिघांनी आपापल्या गरजेपुरता भाग उचलला, असे म्हटले तर ते मूळ महाराजांच्या हयातीतले आणि त्यांच्या घरातले ठरते. त्यासमोर बखरींची परंपरा ठेवली तर तिच्या मुळाशी समकालीन असे काहीही दाखवता येत नाही. चिटणीसांच्या घरी जुने कागद होते हे खरे मानले तरी या विशिष्ट नोंदीचा कागद आजवर पुढे आलेला नाही.

निर्णय आणि त्यानंतर

एवढे पुरावे असूनही सार्वमत होण्यास वेळ लागला. महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली, पण तिच्यात एकमत झाले नाही. पुढे शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली आणि २००१ पासून शासकीय शिवजयंती त्या दिवशी होऊ लागली. काही संस्था फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीप्रमाणे उत्सव करतात, तर काही ठिकाणी वैशाखातली जुनी तिथीही पाळली जाते.

१९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन पद्धतीची आहे, कारण इंग्रजांनी ती पद्धत १७५२ पर्यंत वापरली आणि आपल्या इतिहासलेखनात सतराव्या शतकाच्या तारखा रूढीने तशाच दिल्या जातात. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो. इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून त्यांच्या कागदांत फेब्रुवारीतली घटना १६२९ सालात मोडते. उलट गोव्याच्या पोर्तुगीजांनी नवी पद्धत १५८२ नंतर लवकरच स्वीकारली होती, त्यामुळे त्यांच्या कागदांतील तारखा सुरत किंवा राजापूरच्या पत्रांहून दहा दिवस पुढे असतात. सुरतेचे एक पत्र आणि पणजीच्या पुराभिलेखातला एक कागद शेजारी ठेवून घटनाक्रम लावणाऱ्याने हे दहा दिवस आधी वजा केले नाहीत, तर परिणाम कारणाच्या आधी घडल्यासारखा दिसू शकतो.